गिरवणे आणि लिहिणे

(कवठे महांकाळ येथे प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

तालुक्याच्या कोणत्याही तहसील कचेरीच्या आवारात, झाडाच्या सावलीत किंवा पत्र्याच्या आडोशाला, अर्ज लिहून देणारे एखादे गृहस्थ बसलेले असतात. वारसनोंद, सातबाऱ्यावरील चुकलेले नाव, विहिरीचे अनुदान, टँकरची मागणी, असे नाना विषय त्यांच्यासमोर येतात. समोर बसलेला शेतकरी निरक्षर असतो असे नाही. तो चौथी, सातवी, कधी कधी दहावीही शिकलेला असतो. त्याला सही करता येते, वर्तमानपत्र वाचता येते, बाजारभावाचे आकडे तर तोंडपाठ असतात. आपले गाऱ्हाणे तो त्या गृहस्थांना तोंडी इतके नेमके सांगतो की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. परंतु तेच गाऱ्हाणे कागदावर चार ओळींत मांडण्याची वेळ आली की त्याचा हात आखडतो. कायद्याची भाषा येत नाही म्हणून जाणकाराकडे जाणे समजण्यासारखे आहे. येथे मात्र प्रश्न कायद्याच्या भाषेचा नाही. स्वतःच्या मनातील वाक्य स्वतःच्या हाताने लिहिता येते, हा अनुभवच त्याला शाळेने कधी दिलेला नाही.

हा मनुष्य शाळेत असताना लिहीत नव्हता काय? भरपूर लिहीत होता. रोज पानभर शुद्धलेखन, पाढे, प्रश्नोत्तरे, शिक्षा म्हणून दहा वेळा, वीस वेळा लिहिलेला एकच धडा. चार वर्षांत त्याने कितीतरी वह्या भरल्या असतील. पण त्या सगळ्या वह्यांत त्याचे स्वतःचे असे वाक्य शोधू गेल्यास सापडणे कठीण. मराठी शाळेत ‘शुद्धलेखन’ या शब्दाचा अर्थच मुळी पुस्तकातील उतारा पाहून जसाच्या तसा वहीत उतरवणे असा रूढ झाला आहे. उतरवणे आणि लिहिणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हा भेद शाळेच्या व्यवहारातून पुसला गेला आणि मुलाच्या हाताला वळण लागले की लेखन शिकवून झाले, असे सर्वांनी मानले.

अक्षराच्या वळणाला कमी लेखण्याचे येथे काही कारण नाही. आपल्याकडे या कलेचा मोठा मान होता. सज्जनगड आणि चाफळ येथून फार दूर नाहीत. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिला आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. पण शिक्षकांनी तो पुन्हा एकदा मुद्दाम वाचण्यासारखा आहे. बाळबोध अक्षर कसे असावे, दोन अक्षरांत व दोन ओळींत अंतर किती राखावे, ग्रंथाच्या आरंभी जसे अक्षर तसेच शेवटापर्यंत कसे टिकवावे, पानाच्या चहूबाजूंना मोकळी जागा का सोडावी, शाई, लेखणी आणि कागद यांची निवड कशी करावी, इतके बारकावे त्यात आहेत. तरुणपणी दृष्टी चांगली म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगाचे राहत नाही, असा व्यावहारिक सल्लाही समर्थ देतात. ग्रंथ हाताने नकलून घ्यावे लागत, त्या काळी एका मठातून दुसऱ्या मठात विचार पोहोचवण्याचे तेच साधन होते. नक्कल चुकली तर विचारच चुकणार. तेव्हा तेथे उतरवण्याच्या शुद्धतेला सर्वोच्च स्थान असणे स्वाभाविक होते. छापखाना आला तसे हे काम यंत्राकडे गेले. आपली शाळा मात्र आजही सहा वर्षांच्या मुलाला ग्रंथ नकलण्याच्याच कामाला बसवते, आणि तेही समर्थांच्या काटेकोरपणाशिवाय.

आणखी एक गोष्ट. आपली जुनी पद्धत आज समजली जाते तितकी केवळ घोकंपट्टीची नव्हती. ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनापासून आरंभ होई, त्यावरून ‘ओनामा’ हा शब्द मराठीत रुजला. ‘श्रीगणेशा’ची कथाही तशीच. गावच्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर अक्षर काढी. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने किंवा बोटाने रेघ ओढायची. चुकले तर हात फिरवून पुसायचे, पुन्हा काढायचे. चूक मागे राहत नाही, हा त्या साधनाचा मोठा गुण. मद्रासमध्ये अनाथ मुलांच्या लष्करी शाळेचे प्रमुख असलेले अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली आणि आपल्या शाळेत ती पद्धत सुरू केली. थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवण्याची रीतही त्यांनी उचलली. १७९७ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे इंग्लंडमधील हजारो गरीब मुले ‘मद्रास पद्धती’ने लिहू लागली. आपल्या धुळीत लिहिणारे बोट लंडनपर्यंत गेले, हे सांगताना अभिमान वाटणे साहजिक आहे. मात्र त्याच धूळपाटीचा धडा आपल्याच शाळांनी विसरावा, याची खंतही वाटली पाहिजे. पहिलीच्या मुलाच्या हाती थेट चाररेघी वही आणि खोडरबर देऊन, घोटून घोटून कागद फाटेपर्यंत ‘अ’ काढायला लावणे ही काही प्रगती नव्हे. अंगणातील माती, खडू आणि फरशी, पाटी आणि पेन्सिल ही साधने स्वस्त आहेत म्हणून नव्हे, तर ती मुलाला निर्भय करतात म्हणून चांगली आहेत.

आता अक्षरओळखीच्या क्रमाकडे वळू. आपली वर्णमाला ही ध्वनिशास्त्राची अद्भुत रचना आहे. कंठापासून ओठापर्यंत उच्चारस्थानांप्रमाणे लावलेले वर्ग, प्रत्येक वर्गात अल्पप्राण, महाप्राण, शेवटी अनुनासिक. इतकी तर्कशुद्ध मांडणी जगातील फार थोड्या लिप्यांच्या वाट्याला आली आहे. रोमन लिपीतील ए, बी, सी या क्रमाला असा काही आधार नाही. पण ज्ञानाचा क्रम हा शिकण्याचा क्रम असतोच असे नाही. ‘क ख ग घ ङ’ या ओळीतील पाचवे अक्षर मुलाला आयुष्यात क्वचितच लागते. पहिली ओळ घोटून झाली तरी त्यातून मुलाला आपल्या मनातला एकही उपयोगी शब्द लिहिता येत नाही. मग ‘च छ ज झ ञ’, मग ‘ट ठ ड ढ ण’. सारी मुळाक्षरे संपेपर्यंत काना-मात्रा नाहीत, बाराखडी संपेपर्यंत वाक्य नाही. ‘मी’, ‘आई’, ‘भाकरी’, ‘शेळी’ हे शब्द लिहायला मिळण्यापूर्वी कित्येक महिने निघून जातात. लिहिणे म्हणजे अर्थ नसलेल्या आकृत्या काढणे, ही मुलाची समजूत तोवर पक्की झालेली असते.

या प्रश्नावर आपल्याच परिसरात, सातारा जिल्ह्यातील फलटण येथे, फार मोलाचे काम झाले आहे. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात त्या भारतात आल्या, मराठी शिकल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी संशोधन केले आणि पुढे या देशाचे नागरिकत्व स्वीकारून तेथेच राहिल्या. शाळेतून गळालेल्या, गरीब वस्तीतील मुलांना लिहा-वाचायला शिकवताना त्यांच्या लक्षात आले की मुले मंद नसून शिकवण्याचा क्रम उलटा आहे. प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन यांच्या माध्यमातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरांचे छोटे छोटे गट करून, त्यांच्याबरोबरच एखाद-दोन स्वरचिन्हे देऊन, पहिल्या गटापासूनच शब्द आणि वाक्ये तयार करण्याची रीत रुजवली.

यामागील तत्त्व कोणाही शिक्षकाला फळ्यावर पडताळून पाहता येईल. समजा, क, म, ल, न, र ही पाचच अक्षरे घेतली आणि त्यांना काना व दीर्घ वेलांटी एवढीच दोन चिन्हे दिली. काका, मामा, नाना, नाक, कान, काम, लाल, कमी, मीना, मीरा, मला, नीरा असे शब्द लगेच तयार होतात. त्यातून ‘काका, काम करा ना’ हे संपूर्ण वाक्य बनते. सहा वर्षांच्या मुलीने हे वाक्य स्वतः जुळवले आणि घरी जाऊन काकांना दाखवले की लेखनाचा हेतू तिला व्याख्यानाशिवाय समजतो. वर्णमालेचा क्रम पुढे शिकवावा, तिची शास्त्रीयता तिसरी-चौथीत आवर्जून उलगडून दाखवावी. ओठ, जीभ, टाळू यांवर बोट ठेवून मुलांना ती स्वतःच शोधू द्यावी. तेव्हा ती त्यांना पाठ करावी लागणार नाही.

देवनागरीतील काही अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि शिक्षकाने त्या मान्य केल्या पाहिजेत. ‘कि’ लिहिताना डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, कानाला आधी ‘क’ ऐकू येतो. मूल वेलांटी भलतीकडे देते ते निष्काळजीपणामुळे नव्हे, कानाशी प्रामाणिक राहिल्यामुळे. ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘सूर्य’, ‘तऱ्हा’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार वेश घेतो. ‘कवी’ दीर्घ, ‘कविता’ ऱ्हस्व; ‘गुरू’ दीर्घ, ‘गुरुकुल’ ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांपैकी चौदा नियम १९६२ साली आणि आणखी चार १९७२ साली आले. त्यांवर विद्वानांमध्ये आजही वाद होतात. अशा नियमांचा दंडक दुसरीच्या मुलाच्या पहिल्या चार ओळींवर लाल शाईने उगारणे हा शहाणपणा नव्हे. मुलाने लिहिले, ‘आमची शेळि व्याली. तीला दोन करडं झाली.’ त्यावर बाईंनी दोन गोल केले आणि ‘करडं’ खोडून ‘करडे’ केले. व्यालेल्या शेळीबद्दल एक अक्षर नाही! पुढच्या वेळी ते मूल शेळीबद्दल लिहिणार नाही. पुस्तकातले सुरक्षित वाक्य उतरवील. वास्तविक प्रथम विचारायला हवे होते : करडे कोणत्या रंगाची? रात्री व्याली की दिवसा? कोण जागे होते? उत्तर आले की ते लिहायला सांगावे. शुद्धतेसाठी एका वेळी एकच गोष्ट निवडावी. या आठवड्यात शब्दाच्या शेवटची वेलांटी, पुढच्या आठवड्यात पूर्णविराम. मूल स्वतःच्या वाक्यात सुधारणा करते तेव्हा ती टिकते. दहा वेळा लिहायला लावलेला शब्द अकराव्या वेळी पुन्हा चुकतो, हा कोणत्या शिक्षकाचा अनुभव नाही?

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. कवठे महांकाळचे मूल घरी ‘पानी’ म्हणते, ‘न्हाई’ म्हणते, ‘आमी गेलतो’ म्हणते. पूर्वेकडे जतच्या दिशेने जावे तसे कानडी बोलणारी घरे लागतात. मेंढपाळ कुटुंबातील मुले वर्षाचे काही महिने वाड्याबरोबर फिरतात आणि त्यांच्यापाशी जनावरांचे रोग, चारा, पाऊस, वाटा यांविषयी असा शब्दसंग्रह असतो की शब्दकोशकारांनी वही घेऊन त्यांच्यामागे फिरावे. ही मुले शाळेत येतात आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळते की आपली भाषा ‘अशुद्ध’ आहे. मग ती गप्प बसतात. गप्प बसलेल्या मुलाला लिहिता येत नाही, कारण लेखनाचा झरा बोलण्यातूनच फुटतो. प्रमाण मराठी शिकवायची नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रमाणभाषा ही साऱ्या महाराष्ट्राला जोडणारी दोरी आहे आणि ती प्रत्येक मुलाच्या हाती आलीच पाहिजे. परंतु ती घरच्या भाषेच्या शेजारी येऊन बसावी, तिला घराबाहेर काढून नव्हे. पहिल्या दोन वर्षांत मुलाने सांगितलेले वाक्य शिक्षकाने त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे, त्याला वाचायला लावावे. मग ‘पुस्तकात हे कसे लिहितील?’ असे विचारावे. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी राहू द्यावीत. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी आपल्या १९६३च्या ‘टीचर’ या पुस्तकात हेच अनुभवाने सांगितले आहे. मुलाला सर्वांत भिडणारा शब्द, मग तो भीतीचा असो की मायेचा, त्या त्याच्यासाठी जाड कागदावर लिहून देत आणि तो शब्द मूल एकदा पाहूनच लक्षात ठेवी.

मग लिहावे कशाविषयी? चौथीच्या वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला की चाळीसपैकी तीस वह्यांत एकच मजकूर निघतो : गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते. जो मुलगा पहाटे धार काढायला आईबरोबर गोठ्यात बसतो, जिला खरूज झाली तर काय लावायचे हे जाणतो, त्याने गायीला चार पाय असतात ही बातमी द्यावी, याइतका शिक्षणाचा पराभव दुसरा नाही. हा मजकूर मार्गदर्शक पुस्तकातून येतो, परीक्षेत त्यालाच गुण मिळतात, आणि मुलाच्या व्यवहारी मेंदूला त्यातील मख्खी बरोबर कळते.

या तालुक्यात विषयांचा तुटवडा आहे असे कोण म्हणेल? द्राक्षे तोडून रॅकवर टाकल्यापासून बेदाणा होऊन तो निवडून, भरून तासगाव-सांगलीच्या बाजारात जाईपर्यंत काय काय होते, हे मिरज-पंढरपूर रस्त्यालगतच्या गावांतील मुलांना डोळ्यांनी पाहून ठाऊक आहे. द्राक्षे कशात बुडवतात, जाळीची सावली का लागते, ढग आले की घरातले सगळे आकाशाकडे का पाहतात? एका मुलाने हे क्रमाने लिहिले तर तो कृतीचे वर्णन शिकला, कार्यकारणभाव शिकला आणि बापाच्या श्रमाचे मोल शिकला. म्हैसाळ योजनेचे पाणी येण्यापूर्वीचा आणि नंतरचा उन्हाळा, टँकरची रांग, १९७२च्या दुष्काळाची आजीने सांगितलेली आठवण, अग्रणी नदीचे पात्र, महांकाली देवीची यात्रा. यांपैकी प्रत्येक विषयावर मुलाला शिक्षकापेक्षा काहीतरी अधिक माहीत असते. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यापेक्षा अधिक माहीत असणे, ही खऱ्या लेखनाची पहिली अट होय. शाळेतील निबंधात ती नेमकी उलटी असते.

दुसरी अट, वाचणारा कोणीतरी खरा हवा. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठे महांकाळ या तालुक्यांतील हजारो घरांतील माणसे सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरली आहेत. पूर्वी अशा घरांत पत्राला केवढे महत्त्व असे! चौथीतील मुलगी आजीचे शब्द ऐकून केरळातल्या किंवा पंजाबातल्या वडिलांना पत्र लिही आणि आजी म्हणे, ‘वाचून दाखव बघू.’ वगळलेले एक वाक्यही आजीच्या ध्यानात येई. त्या मुलीला लेखनाची याहून चांगली शाळा कोणती मिळणार होती? मोबाईल आला आणि हे पत्र संपले. फोनवर बोलणे व्हावेच, त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही; पण महिन्यातून एक पत्र शाळेतून दूरच्या वडिलांना, काकांना, सैन्यातील मामांना जाऊ शकते. उत्तर आले तर ते वर्गात वाचले जावे. त्या दिवशी भाषेचा तास वेगळा घेण्याची गरज उरणार नाही.

कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला अभ्यासक्रमातच स्थान दिले गेले. त्याआधी कितीतरी वर्षे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत शिंपले, बिया, पाने, माती यांतून बालशिक्षण उभे केले होते. इटलीतील बार्बियाना नावाच्या डोंगरी खेड्यात नापास ठरवल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तकच लिहिले. ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिण्याची त्यांची रीत आपल्या चौथीच्या वर्गात सहज वापरता येईल. प्रत्येक मुलाने सुचलेला मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा. मग सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडायच्या, सारख्या एकत्र करायच्या, एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एक चिठ्ठी काढायची, क्रम लावायचा, प्रत्येक गठ्ठ्याचा परिच्छेद करायचा. मग सर्वांनी मिळून अनावश्यक शब्द छाटायचे. कोण हुशार, कोण ढ हा भेद यात उरत नाही, कारण शेळ्या राखणाऱ्या मुलाची चिठ्ठीही गठ्ठ्यात लागतेच. लेखन म्हणजे एकदा कागदावर उतरले की संपले असे नव्हे, ते पुन्हा घडवायचे असते, हेही मुलांना हाताने कळते. आपल्या शाळेत मुलाला दुसरा खर्डा लिहिण्याची संधी मिळते ती फक्त शिक्षा म्हणून.

येथे शिक्षकांची बाजू मांडली नाही तर तो अन्याय होईल. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, त्यात ऑनलाईन माहिती, छायाचित्रे, पोषण आहाराचा हिशेब, सर्वेक्षणे. चाळीस मुलांच्या चाळीस वेगवेगळ्या वाक्यांकडे पाहणार कोण? उतरवलेले पान दोन सेकंदांत तपासता येते, स्वतःचे पान वाचावे लागते. पाहून लिहिणे शाळांत टिकून राहिले त्याचे खरे कारण शिक्षणशास्त्रीय नसून हे आहे. तरीही मार्ग निघतात. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील सुमारे चाळीस जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली वर्गाची रचनाच बदलली. मुले जमिनीवर गटागटाने बसून वस्तू हाताळत, फरशीवर लिहीत, एकमेकांचे तपासत शिकू लागली. राज्यभरातील शिक्षक ते पाहायला आले आणि जून २०१५मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम हाती घेतला, त्यामागे या शाळांची प्रेरणा होती. त्या साध्या सरकारी शाळा होत्या. शिक्षकही तेच, पगारही तोच. सगळी चाळीस पाने रोज वाचण्याचा अट्टहास नको. रोज आठ मुलांची पाने शिक्षकाने वाचावीत, उरलेल्यांनी जोडीदाराला वाचून दाखवावीत. आठवड्यात सर्वांची पाळी येते.

वरून येणारे उपाय किती पुरतात, याचेही एक उदाहरण आहे. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने जोडण्यात आली होती. २०२५-२६ पासून ती काढून टाकण्यात आली. दप्तराचे ओझे, वह्यांचा खर्च अशी त्यामागची कारणे चांगलीच होती. पण कोरे पान मिळाले म्हणून लेखन घडत नाही, तसे ते काढले म्हणून थांबतही नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन अशा चारही अंगांना रोज वेळ द्यावा असे म्हटले आहे. कागदावर हे उत्तम आहे. वर्गात मात्र पहिली तीन अंगे होता होता घंटा वाजते.

पालकांविषयीही दोन शब्द. मार्च २०२० नंतर शाळा बंद राहिल्या, तेव्हा मुलांच्या हाती मोबाईल आला आणि हाताची लिहिण्याची सवय मोडली, अशी तक्रार घरोघरी होती. त्यावर सांगली जिल्ह्यातीलच मोहित्यांचे वडगाव या गावाने उपाय काढला. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद होऊ लागले. देशभर त्याची बातमी झाली. गावाने एकत्र येऊन मुलांसाठी काही सोडणे, हे आजच्या काळात विशेषच. अशा दीड तासात पुन्हा पाहून लिहिण्याचेच काम मुलाला दिले, तर मात्र भोंगा वाया गेला असे म्हणावे लागेल. आईने स्वयंपाक करता करता विचारावे, ‘आज काय झालं ते लिही आणि मला वाचून दाखव.’ ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तीही उत्तम श्रोता होऊ शकते. किंबहुना तीच होऊ शकते, कारण ती वेलांटी तपासणार नाही, गोष्ट ऐकेल.

इंग्रजी माध्यमाचा मोह हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर भरपूर बोलले गेले आहे. लेखनाच्या संदर्भात एवढेच लक्षात घ्यावे की ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत पाच वाक्ये मनाने लिहिता येतात, त्याला दुसऱ्या भाषेत ती लिहायला शिकवता येतात. ज्याला कोणत्याच भाषेत मनाचे वाक्य लिहिता येत नाही, त्याने इंग्रजीतही गायीला चार पाय असल्याचेच लिहायचे आहे.

जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा करता येण्यासारखी एक गोष्ट. पहिलीच्या प्रत्येक मुलासाठी शंभर पानी, बिनरेघी एक वही घ्यावी. तिच्यावर मुलाचे नाव लिहावे आणि ती शाळेतच, कपाटात ठेवावी. आठवड्यातून एकदा त्यात मुलाने चित्र काढावे व त्याखाली हवे ते लिहावे. सुरुवातीला नुसत्या रेघोट्या असतील, मग एक शब्द, मग ओळ. त्या वहीत लाल शाई चालणार नाही, तारीख मात्र प्रत्येक पानावर हवी. वही भरली की दुसरी जोडून शिवावी. मूल चौथी संपवून पुढच्या शाळेत जाईल तेव्हा दाखल्याबरोबर ती त्याच्या हाती द्यावी. शाळेच्या तपासणीला अधिकारी आले तर त्यांच्यापुढे निकालाच्या तक्त्याआधी या वह्याच ठेवाव्यात, आणि कोणत्याही एका मुलाचे पहिलीचे पान व चौथीचे पान शेजारी शेजारी उघडून दाखवावे.